हँडलच्या एका फेरीत तीन टाके

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

"साडेतीनशे. याच्या वर एक रुपया नाही," भंगारवाला काट्याकडे बघत म्हणाला.

काट्यावर एक काळं शिवणयंत्र होतं. हाताने फिरवायचं, लाकडी बुडाचं. बारा किलो आणि वर थोडं. भंगारवाल्याच्या हिशोबात ते बारा किलो बिडाचं लोखंड होतं, बस्स. स्थळ : डोंबिवली पूर्व, माझ्या आत्याची बिल्डिंग. वेळ : मे महिन्याची सुट्टी. बिल्डिंग पुनर्विकासाला गेलेली, सगळी घरं रिकामी होत होती आणि जिन्याखाली भंगाराचा डोंगर साचला होता. पितळी बंब, पाटे-वरवंटे, ट्रान्झिस्टर आणि हे मशीन.

मशीन तळमजल्यावरच्या आजींचं. त्या महिनाअखेरीला कल्याणला मुलाकडे जाणार होत्या आणि तिथे जागा नव्हती. मी सहज चाक फिरवून बघितलं. जाम. खाली वाकून बघितलं तर पट्टीवर इंग्रजी अक्षरांत 'सिंगर'. आता दोन सेमिस्टर थिअरी ऑफ मशीन्स शिकलेला माणूस गप्प बसेल का? मी बोलून गेलो, "आजी, मी घेतो."

आजींनी चष्म्यावरून बघितलं. "कशाला? शोकेसमध्ये ठेवायला?"

"नाही, चालू करतो."

"मग पैसे नकोत मला. चालू झालं की कल्याणला आणून दाखव."

असा हा सबमिशनचा विषय मला मिळाला. जर्नल नाही, व्हायवा नाही, पण डेडलाईन होती. त्या दीड महिन्यात मी जे शिकलो (आणि जी माती खाल्ली) ते इथे लिहितोय, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर असं एक धूड नक्की पडलेलं असणार.

मशीनचं कूळ

शिवणयंत्र सिंगरने शोधलं असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये साखळी टाक्याचं यंत्र केलं होतं. पॅरिसमध्ये त्याची यंत्रं बसवली, तर पोट मारलं जाईल या भीतीने तिथल्या शिंप्यांनी १८३१ मध्ये ती फोडली. अमेरिकेत एलायस होव याला १८४६ मध्ये पेटंट मिळालं. त्याच्या सुईचं नाक टोकाजवळ होतं आणि दोरे दोन होते, एक वरून, एक खालून. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, होव जिंकला, आणि शेवटी १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र करून भांडण मिटवलं. त्याच वर्षी सिंगर कंपनीने मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. ही युक्ती मशीनपेक्षाही जास्त चालली असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. म्हणजे सिंगरचं पेटंट आणि आपली लोकल जवळजवळ एकाच वयाचे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी एजंट पाहत असत. ती यंत्रं बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्यातून यायची. १९१३ साली सिंगरने तिथून तेरा लाखांच्या वर यंत्रं बाहेर पाठवली होती. कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण त्याच्यासाठी केलेलं 'सिंगर' नावाचं रेल्वे स्टेशन ग्लासगोजवळ आजही चालू आहे.

१९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' आणली आणि देशी मशीन घरोघर जाऊ लागलं. इकडे पुण्याच्या सेवासदनसारख्या संस्थांत १९०९ नंतर बायकांसाठी शिवणाचे वर्ग चालत होते. घराबाहेर न पडता चार पैसे मिळवायचे, तर मशीन हा त्या काळी बाईच्या हाताशी असलेला एक खरा मार्ग होता. यंत्रांबद्दल कडक मतं असणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद म्हणून सोडलं. सिंगरने ते बायकोचे कष्ट बघून, प्रेमापोटी केलं असं त्यांना वाटत होतं. खरा सिंगर मात्र एकाच वेळी अनेक संसार करणारा गृहस्थ होता. असो. यंत्र चांगलं निघालं हे महत्त्वाचं.

टाका पडतो कसा?

हा प्रश्न मी होस्टेलच्या विंगमध्ये वीस जणांना विचारला. अठरा जण म्हणाले, "सुई खालीवर होते." दोघं म्हणाले, "झोपू दे."

हाताने शिवताना सुई कापडातून पूर्ण पलीकडे जाते. मशीनची सुई तर वरच अडकवलेली, ती पलीकडे जाणार कशी? गंमत इथेच आहे. मशीनची सुई हातात घेऊन नीट बघा. एका अंगाला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते. सुई खाली जाताना त्या बाजूचा दोरा खाचेत लपतो, कापडाला घासत नाही. दुसऱ्या अंगाला खाच अगदी छोटी, त्यामुळे तिथला दोरा कापडाला घासतो. सुई तळाला जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा घासणारा दोरा तिच्याबरोबर वर येऊ शकत नाही. तो तिथेच फुगतो आणि त्याचा एक फासा तयार होतो. नेमकं त्याच क्षणी शटलचं टोक फाशात घुसतं.

शटल म्हणजे मागावरचा धोटाच. त्याच्या पोटात बॉबिनवर खालचा दोरा असतो. आजींच्या मशीनमधलं शटल बंदुकीच्या लांबट गोळीसारखं आहे आणि ते झोपाळ्यासारखं पुढे-मागे झुलतं. फाशातून अख्खं शटल आरपार जातं. म्हणजे वरच्या दोऱ्याचा वेढा खालच्या दोऱ्याभोवती पडला. मग वरचा लिव्हर दोरा खेचतो, गाठ कापडाच्या मधोमध बसते, आणि खालचे दाते कापड एक घर पुढे सरकवतात. दात्यांची चाल चार टप्प्यांची : वर, पुढे, खाली, मागे.

आता एक प्रश्न, खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. फासा शटलच्या भोवतीने जायचा, तर शटल धरून ठेवणारा भाग आड नाही का येणार? उत्तर असं की शटल कुठेच पक्कं बसवलेलं नसतं! ते आपल्या खोबणीत नुसतं पडलेलं असतं, पाळण्यातल्या पोरासारखं. आजूबाजूला दोऱ्यापुरती फट ठेवलेली असते, तिच्यातून दोरा निसटतो. प्ले म्हणजे झीज, दोष, असं आपण शिकतो. इथे तो प्ले मुद्दाम दिलेला आहे. तो नसता तर टाकाच पडला नसता.

हँडलची एक फेरी पूर्ण केली की सुई तीनदा खाली जाते. गिअर रेशो एकास तीन. दात न मोजताही कळतं, फक्त टाके मोजायचे.

माझा पराक्रम

आता माती खाल्ल्याची गोष्ट. मशीन डोंबिवलीहून ठाण्याला आणलं लोकलच्या लगेज डब्यातून, भाजीच्या पाट्या आणि एका कुलरच्या शेजारी बसून. रूमवर आणल्या आणल्या पहिलं काम केलं ते साफसफाईचं. काळ्या रंगावर तेलाचा चिकट पिवळा थर होता, त्याखाली सोनेरी वेलबुट्टी दिसत होती. रूममेटकडे थिनरची बाटली होती. बोळा घेतला आणि घासलं. थर गेला. वेलबुट्टीही गेली. दहा मिनिटांत हातातला बोळा सोनेरी झाला आणि मशीनचा खांदा बोडका.

मग वाचत बसलो. (आधी वाचायचं असतं, पण ते परीक्षेलाही आपण करत नाही.) त्या सोनेरी नक्षीवर लाखेचा पातळ, पारदर्शक हात दिलेला असतो. थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काहीही लागलं की तो हात विरघळतो आणि नक्षी घेऊन जातो. काळा रंग पुसायचा तर फक्त मशीन ऑईल आणि मऊ सुती कापड. हळूहळू, आठवडाभर. घाई करायची नाही.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली, आणि तिनेच जास्त लाज वाटली. मशीनच्या पुढच्या कडेला, कापड ठेवतो तिथे, नक्षी आधीच पुसलेली होती. ती थिनरने नाही, हाताने आणि कापडाने. तिथे किती वर्षं काम झालंय याची ती नोंदच होती. तिच्या शेजारी आता माझा दहा मिनिटांचा उद्योग दिसतो.

कल्याणचे काका

चाक अजून जामच होतं. वर्कशॉपच्या सरांनी बघितलं आणि सांगितलं, "जोर लावू नकोस. बीड वाकत नाही, तुटतं. माहीतगाराकडे जा." कल्याण पश्चिमेला स्टेशनपासून जरा आत एक मशीन दुरुस्त करणारे काका आहेत. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे बॉबिन केसांचे डबे.

काकांनी आधी वास घेतला. "गोडेतेल घातलंय कोणीतरी."

खाण्याचं तेल मशीनचा शत्रू का, हे त्या दिवशी कळलं. करडईसारखी तेलं हवेत हळूहळू सुकून डिंकासारखी होतात. करडईचं तेल रंग बनवायला वापरतात ते याच गुणामुळे. खोबरेल तेल वेगळ्या कारणाने नको, ते थंडीत थिजतं. मशीन ऑईल पातळ असतं आणि पातळच राहतं.

काकांनी जपून ठेवलेल्या रॉकेलचे दोन-दोन थेंब प्रत्येक छिद्रात सोडले, लोखंडी भागावरच, रंगाला लागू न देता. केस वाळवायच्या ड्रायरने मशीन कोमट केलं. शटलच्या खोबणीतून चिमट्याने गुंडाळी झालेला दोरा ओढून काढला, बोटभर लांब. मग चाक हाताच्या तळव्याने मागेपुढे, केसभर. पाऊण तासाने ते पूर्ण फिरलं. मी टाळ्या वाजवणार होतो, काका म्हणाले, "थांबा इंजिनियर, अजून शिवलं कुठेय?"

त्यांनी दिलेले धडे जसेच्या तसे :

– सुई बसवताना दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. उलटी सुई बसवली की फासा शटलच्या विरुद्ध बाजूला पडतो आणि टाकाच पडत नाही. निम्मी 'बिघडलेली' मशीनं फक्त सुई उलटी असल्यामुळे दुकानात येतात.

– कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे लूप आले, तर दोष वरच्या दोऱ्यात शोधायचा. वरचा ताण सैल आहे किंवा ओवणं चुकलंय. लोक हमखास खालच्या बॉबिनला दोष देतात.

– चाक नेहमी आपल्या दिशेने फिरवायचं. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून ठेवायची.

– कापड नसताना फूट खाली ठेवून मशीन पळवायचं नाही, दाते झिजतात.

– स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर. खाच एकदा खाल्ली की तसा स्क्रू बाजारात मिळवताना दमछाक होते.

जुनं मशीन घेताना

मशीन मिळतात कुठे? दुकानात शोधू नका. ठाण्यात नौपाड्यात, डोंबिवलीत, कल्याणच्या जुन्या वाड्यांत जिथे बिल्डिंग रिकामी होतेय, तिथल्या भंगारवाल्याशी ओळख ठेवा. उल्हासनगरला कपडे शिवणारे कारखाने भरपूर, त्यामुळे आसपास जुन्या मशीनचा व्यवहार असतो, पण तिथे बहुतेक मोठी पॉवरची मशीनं मिळतील.

आधी चाक बघा. जाम असलं तरी घाबरू नका, बहुतेक वेळा ते सुकलेलं तेल असतं. मग सरकती पट्टी उघडून शटल आणि बॉबिन आहे का बघा. हरवतं ते नेमकं हेच. बिडाला तडा असेल तर सोडून द्या. मागून मोटर बसवलेली असेल तर वायर बघितल्याशिवाय प्लग लावू नका, जुन्या वायरचं रबर हात लावताच गळतं. रंग चकचकीत आणि नक्षी कोरी करकरीत असेल तर ते नव्याने रंगवलंय असं समजा.

वय ओळखायचं सीरियल नंबरवरून. पट्टीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात, त्या बघून 'अठराशे अमुकचं मशीन' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक. सिंगरने १९०० सालापासून नंबराआधी अक्षर द्यायला सुरुवात केली, म्हणजे अक्षर नसेल तरच ते त्याआधीचं. आजींच्या मशीनचा नंबर 'एफ' अक्षराने सुरू होतो, मॉडेल २८-के. म्हणजे साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. 'के' हे क्लाईडबँकमधल्या किलबोवीचं, जिथे कारखाना होता.

बारा किलोला पोर्टेबल म्हणायचं का, हा प्रश्न रास्त आहे. पायमशीनच्या लोखंडी सांगाड्यापुढे बारा किलो हलकंच. खरं हलकं हवं तर सिंगरचं २२१ मॉडेल, १९३३ मध्ये आलेलं, अॅल्युमिनियमचं, साधारण पाच किलो. ते आपल्याकडे क्वचित दिसतं. पण सांगतो, नवशिक्याने काळं देशी मशीनच घ्यावं. ती बहुतेक सिंगरच्या पंधरा नंबरच्या घडणीवर बेतलेली असल्यामुळे सुई, बॉबिन, केस सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

आणि एक इशारा. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो. लोकांनी साध्या मशीनसाठी वेड्यासारखे पैसे मोजले. मशीनमध्ये पारा वगैरे काही नसतं. कुणी असलं सांगून लाखांची बोली लावली, तर सरळ निघून या.

जपायचं म्हणजे काय?

आपल्याकडे पावसाळा चार महिने आणि हवा बारा महिने दमट. मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो आणि गंज चढतो. उघड्या धातूवर तेलाचं बोट फिरवा, वरून सुती कापड टाका. मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा तरी ते चालवा. मशीन चालतं तेव्हा तेल सगळीकडे पोचतं. नुसतं ठेवलेलं मशीन कितीही पुसलं तरी आतून जाम होत जातं.

हल्ली हॉटेलांत आणि कपड्यांच्या शोरूममध्ये अशी मशीनं काचेमागे रांगेने मांडतात. दिसतात छान. पण मला आता त्यांच्याकडे बघून पहिला प्रश्न पडतो, की चाक फिरतं का?

आजींची तपासणी

जुलैच्या एका रविवारी मशीन घेऊन कल्याणला गेलो. खांद्यावरची बोडकी जागा मी मुद्दाम भिंतीकडे केली होती. आजींनी मशीन स्वतःकडे वळवलं आणि दोन मिनिटांत माझी चोरी पकडली. मी थिनरचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "सॉरी आजी, सोनं गेलं."

"अरे, ते कसलं सोनं? सोनं मी गहाण टाकलं होतं ब्याऐंशी साली. हे नव्हतं टाकलं."

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा परळला गिरणीत विणाई खात्यात होते. पगार थांबला तो थांबलाच. आजींच्या सासूबाईंनी हे मशीन कधीकाळी ठाण्यात जुन्यातच घेतलं होतं, घरच्या शिवणापुरतं. त्यावर आजी परकर आणि झबली शिवायला लागल्या. आजोबा डोंबिवलीत दारोदार जाऊन ती विकायचे. पुढे दोन वर्षं घर त्यावर चाललं. "ते धोटा चालवायचे, मी हा धोटा चालवला," असं त्या सहज बोलल्या आणि दोरा ओवायला लागल्या. चष्मा होता, तरी पहिल्या झटक्यात ओवला.

मुलाच्या घरातल्या जुन्या चादरीच्या तुकड्यावर त्यांनी वीतभर शिवण घातली. हँडल फिरवायचा वेग कुठेही कमी-जास्त नाही. मग उलटून खालची बाजू बघितली, नखाने टाका ओढून बघितला. "चांगलं लागलंय. घेऊन जा. पण वापर हां."

तेव्हापासून ते माझ्या रूमवर आहे. विंगमध्ये मला 'टेलर मास्तर' नाव पडलंय. अॅप्रनचे उसवलेले खिसे, उशीचे अभ्रे, मेसच्या मावशींची कापडी पिशवी अशी कामं येतात. सॅकचे जाड बंद घेत नाही, त्यात दोन सुया मोडल्यात. गेल्या खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथची पूजा झाली, तेव्हा सरांनी हेही शेजारी ठेवायला लावलं. हळद-कुंकू बेताने, रंगाला न लागेल असं.

दिवाळीत घरी जाल तेव्हा माळ्यावर बघा. काही सापडलं तर आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की हे कुणी चालवलं, कशासाठी. मग चाक फिरवा. जाम असेल तर माझ्याकडे या. येताना एक जुनी सुती बनियन आणि मशीन ऑईलची बाटली आणा. थिनर रूमवरच ठेवून या.